चीर दिसली म्हणून ट्रायलोबाइट खोटा ठरत नाही

प्रश्न: ऑनलाइन लिलावात मी मोरोक्कोहून आलेला फॅकॉप्स जातीचा ट्रायलोबाइट, म्हणजे वळ्यावळ्यांचं कवच असलेल्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म घेतला. साधारण ६ सेंमी लांब, काळपट, करड्या चुनखडीवर उठून दिसणारा. हातात आल्यावर लक्षात आलं की दगडातून आणि प्राण्याच्या अंगातूनही एक चीर गेली आहे आणि ती चिकटवलेली आहे. एक मित्र म्हणतात, चिकटवलाय म्हणजे बनावट. मी कुठेतरी वाचून अ‍ॅसिटोन लावून पाहिलं, तर रंग अजिबात सुटला नाही. मग खरा समजू का? विक्रेत्याने सोबत तळहाताएवढा एक अमोनाइट (वेटोळ्या कवचाच्या प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म) भेट म्हणून पाठवला आहे. त्याच्याकडे मोसासॉर या नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा दातांसकट जबडा आणि आत विंचू असलेला अंबरचा, म्हणजे जीवाश्म झालेल्या झाडाच्या राळेचा, खडाही आहे. दोन्ही घ्यायचा मोह होतोय. काय करू?
– एक नवशिका संग्राहक

उत्तर:

तुमच्या मित्रांनी साक्षीदारालाच आरोपी केलंय. तुमच्या नमुन्याच्या बाजूने बोलणारी सर्वांत भक्कम गोष्ट ती चीरच आहे.

कठीण चुनखडीतला ट्रायलोबाइट बाहेरून दिसत नाही. खणणारे दगड हातोड्याने फोडत जातात. एखाद्या फुटलेल्या कडेवर काळसर, वाकडी रेघ दिसली की ती प्राण्याच्या कवचाची आडवी कापलेली कड असते. म्हणजे प्राणी सापडतो तोच मुळी दोन तुकड्यांत. ते तुकडे परत जोडायचे, गोंद वाळू द्यायचा आणि मग वरचा दगड हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने कण कण उडवत कवच उघडं करायचं, असं ते काम चालतं. एका नमुन्यावर कित्येक तास जातात. त्यामुळे अशा खडकातल्या अस्सल नमुन्यात चीर नसली तरच भुवई उंचवावी. यूटामधला एलराथियासारखा ट्रायलोबाइट याला अपवाद आहे. तो शेल नावाच्या मऊ, थरांच्या खडकातून अख्खा सुटून येतो, आणि इतका मुबलक मिळतो की त्याची नक्कल करायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

आता ती चीर नीट वाचा. दगड उभा धरून कडेने पाहा. चीर कडेवरून खाली उतरून मागच्या बाजूला निघते का? समोरून पाहताना दगडातली रेघ आणि कवचावरची रेघ एकाच ओळीत सरळ पुढे जातात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर प्राणी आणि दगड एकत्रच फुटले आहेत. चीर प्राण्याच्या कडेला येऊन थांबत असेल आणि पलीकडे पुन्हा सुरू होत असेल, तर प्राणी नंतर आणून बसवलेला आहे. आणखी एक चलाखी लक्षात ठेवा. अस्सल नमुन्यावरून साचा काढला तर त्यात चीरही उमटते. पण ती नुसती खोबण असते, मागे पोचत नाही, आणि तिच्या तळाचा रंग वरच्या रंगासारखाच असतो.

अ‍ॅसिटोनच्या बाबतीत मात्र तुमची समजूत दुरुस्त करायला हवी. अ‍ॅसिटोन बरेचसे वरून मारलेले रंग आणि काही गोंद विरघळवतं. घट्ट झालेलं एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन त्याला दाद देत नाही. काळा रंग रेझिनमध्येच कालवून अख्खा प्राणी साच्यात ओतला असेल, तर कापूस पांढराशुभ्रच राहणार. उलट, अस्सल नमुन्यावरही पॅरालॉइड बी-७२ सारखं संरक्षक अ‍ॅक्रिलिक लेपन असू शकतं. ते अ‍ॅसिटोनने चिकट होतं आणि माणूस उगाच घाबरतो. कवच उठून दिसावं म्हणून त्यावर मेण किंवा पॉलिश चोळण्याची पद्धतही आहे, त्यामुळे कापसावर फिकट तपकिरी छटा आली तर लगेच निकाल देऊ नका. कापसाची काडी ओलसर करायची, निथळती नाही. प्राण्याच्या शेपटीकडच्या कडेला पाचेक सेकंद टेकवायची आणि दाट रंग उतरून खालून वेगळ्याच रंगाचा पृष्ठभाग दिसतो का ते पाहायचं. तसा दिसला तर रंगकाम सिद्ध झालं. दिसला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. आणि हे काम खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून लांब करा.

खरी तपासणी दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने होते. खोली अंधारी करा, टॉर्च जवळजवळ आडवा धरा म्हणजे सावल्या लांब पडतील, आणि नमुना सावकाश फिरवा.

आधी डोळे. फॅकॉप्सचे डोळे नकलाकाराची परीक्षा घेतात. त्यातली भिंगं कॅल्साइटची, एकमेकांपासून सुटी आणि उभ्या ओळींत रचलेली असतात. तिरप्या उजेडात प्रत्येक भिंगाचा स्वतंत्र घुमट दिसतो, त्यावर उजेडाचा एकेक ठिपका चमकतो, मधली भिंत स्पष्ट असते, आणि बहुतेक वेळा दोन-चार भिंगं उडालेली किंवा दगडाने भरलेली असतात. ओतीव नमुन्यात घुमट एकमेकांत मिसळल्यासारखे, साबणाची वडी वापरून झिजावी तसे गुळगुळीत दिसतात. कोरीव नमुन्यात तर डोळ्यांच्या जागी टोकदार हत्याराने मारलेली जाळी असते आणि तिचे चौकोन वाकडेतिकडे पळतात. चांगल्या सिलिकॉनच्या साच्यात डोळे बरे उतरतात. तेव्हा हवा अडकते अशा जागी बघा: डोळ्याच्या खालच्या खाचेत, गालाच्या कडेखाली, काट्याच्या मुळाशी. टाचणीच्या टोकाएवढं, अगदी गोल भोक दिसलं तर तो बुडबुडा. दगडातही भोकं असतात, पण ती वेडीवाकडी असतात. गोल आणि गुळगुळीत काठाचं छिद्र म्हणजे द्रव ओतल्याची खूण.

मग मोजणी. फॅकॉप्सच्या धडाला ११ वळ्या असतात. डावीकडून मोजा, उजवीकडून मोजा, मधल्या उंचवट्यावरून मोजा. तिन्ही आकडे जुळायला हवेत. घाईत कोरणाऱ्याच्या एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला १२ होतात, किंवा कडेची वळी मधल्या वळीशी जुळतच नाही. प्राणी दबून तिरका झालेला असेल तर घाबरू नका. दगडाखाली कोट्यवधी वर्षं राहिलेल्याने सरळच राहावं, असा काही नियम नाही.

त्यानंतर कवचाची जाडी. कुठेतरी टवका उडालेला असतोच, तो शोधा. अस्सल नमुन्यात तिथे कवचाचा पातळ थर कडेने दिसतो आणि त्याखाली त्याच दगडाचा गाभा असतो. रंगवलेल्या नमुन्यात थर नसतो. रंगाचा पापुद्रा आणि थेट खाली पांढरं किंवा मातकट काहीतरी दिसतं.

शेवटी सांधा, म्हणजे प्राणी आणि दगड जिथे भेटतात ती रेषा. खऱ्या दगडाचा पोत, त्यातले कण, बारीक पांढऱ्या शिरा थेट कवचाला येऊन भिडतात. बसवलेल्या प्राण्याभोवती काही मिलिमीटर रुंदीची, दगडापेक्षा किंचित वेगळ्या रंगाची, मऊसर झालर दिसते. गाडीचा पोचा बुजवायला जी पुट्टी वापरतात तीच इथेही चालते, वर दगडाची भुकटी भुरभुरलेली असते. प्राण्याभोवतालच्या दगडावर सुईचे टोचे किंवा ओरखडे दिसले तर ते सफाईच्या कामाचे आहेत, त्याने बिघडत नाही. तेच समांतर ओरखडे प्राण्याच्या पाठीवर असतील तर प्राणी दगडातून मोकळा केलेला नसून दगडातून घडवलेला आहे.

भिंगाने शंका उरली तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या. अंधारात गोंद आणि पुट्टी बरेचदा निळसर-पांढऱ्या चमकतात. नुसतं चमकतंय की नाही, हे बघून उपयोग नाही, कारण कॅल्साइट स्वतःही चमकू शकतं. चमकेचा आकार बघा. चिरेच्या रेषेवर बारीक रेघ चमकली तर ती जोडणी. एक अख्खा डोळा किंवा तीन-चार वळ्यांचा तुकडा बाकीच्या अंगापेक्षा वेगळा दिसला तर ते ठिगळ.

ठिगळावरूनच मुद्द्याकडे येतो. खरा की खोटा, असा प्रश्न जीवाश्मांना विचारून भागत नाही. यात खरं किती, असं विचारावं लागतं. पूर्ण बनावट माल ओळखायला तसा सोपा. घात होतो तो सत्तर टक्के खऱ्या नमुन्यात, आणि त्याने संशोधकांनाही सोडलेलं नाही. १९९९ मध्ये गाजलेला ‘आर्किओरॅप्टर’ हा डायनासोर आणि पक्ष्यांमधला दुवा म्हणून पुढे आला. निघाला काय, तर एका प्राचीन पक्ष्याचं धड आणि मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनासोरची शेपूट एका पाटीवर जुळवलेली. दोन्ही जीवाश्म अस्सल, प्राणी मात्र खोटा. ब्राझीलमधल्या एका डायनासोरच्या कवटीचं नाक विक्रेत्यांनी पुट्टी लावून लांबवलं होतं. ते काढताना वैतागलेल्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये त्याचं नावच ‘इरिटेटर’ ठेवलं. आणि इटलीच्या आल्प्समध्ये १९३१ साली सापडलेला, कातडीचा ठसा उमटलेला म्हणून नावाजलेला ट्रायडेंटिनोसॉरस? ती काळी ‘कातडी’ कोरलेल्या खडकावर फासलेला रंग आहे, हे २०२४ मध्ये उघड झालं. पाठीवरची बारीक हाडकं आणि मागच्या पायांची हाडं मात्र खरी आहेत. तिथेही पहिला इशारा यूव्ही प्रकाशानेच दिला.

आता तो भेट आलेला अमोनाइट. फुकट दिलेल्या वस्तूवर शंका घेणं बरं दिसत नाही, पण इथे घ्याच.

साच्यातून काढलेला असेल तर घनतेवरून सापडेल. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी कोरडं वजन करा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. अमोनाइट दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे त्याचे घनसेंटिमीटर. समजा कोरडं वजन २१६ ग्रॅम आणि बुडवल्यावर काट्यावर ८०. २१६ भागिले ८० म्हणजे २.७, हा चुनखडीचा आकडा झाला. नुसतं रेझिन १.१ ते १.३ च्या आसपास येतं, दगडाची भुकटी घातली की वाढतं, तरी सहसा चुनखडीला गाठत नाही. प्लास्टर त्याहून खूप हलकं असतं आणि नखाने ओरखडतं, चुनखडी नखाला दबत नाही. ट्रायलोबाइट मात्र असा बुडवू नका. जोडणीचा गोंद पाण्यात मऊ होणारा असू शकतो, आणि तिथे दगडच एवढा मोठा आहे की प्राणी रेझिनचा असला तरी आकड्यात फरक दिसणार नाही.

कोरीव अमोनाइट या परीक्षेत मजेत पास होतो, कारण तो दगडच असतो. त्याला वेटोळ्यावरून पकडायचा. अमोनाइटचं कवच वाढताना प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्याची उंची साधारण एकाच पटीने वाढते. मध्यापासून बाहेर एका सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना व्हर्नियर कॅलिपरने मोजत जा. समजा अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने ४, ६, ९, १३.५ मिमी आलं, तर दर वेळी दीड पट होतंय. काही जातींत ही पट सव्वाहून कमी असते, पण टिकून असते. कोरणाऱ्याचा हात दोरीची गुंडाळी करतो: ८, ९, ८, १० असे आकडे येतात. दुसरी खूण म्हणजे बरगड्या. पुष्कळ जातींत त्या पाठीच्या कडेवरून पलीकडच्या बाजूला उतरतात. कोरलेल्या मात्र कडेपाशीच दमतात. उलटून पाहा. अमोनाइट दोन्ही बाजूंनी सारखा असतो. मागची बाजू झिजलेली किंवा दगडात रुतलेली असणं समजू शकतं, पण मागे सपाट छिन्नीचे घाव आणि पुढे देखणं वेटोळं, हे समजण्यासारखं नाही. वरचं कवच गेलेलं असेल तर आतल्या कप्प्यांच्या भिंतींची नक्षी दिसते, फर्नच्या पानासारखी फाटे फुटलेली. ती रेघ कोरणं फारच कटकटीचं काम आहे. नक्षी दिसली तर निश्चिंत व्हा. दिसली नाही तर मात्र लगेच खोटा म्हणू नका, कारण प्राणी राहत होता त्या शेवटच्या मोठ्या कप्प्यात ती नसतेच.

इथेही मधली अवस्था असते. अमोनाइट खरा, पण मधली वेटोळी झिजून गेलेली, ती नव्याने कोरून दिलेली. बाहेरच्या फेऱ्यात पोत आणि मध्यभागी ताजे, फिकट ओरखडे असतील तर हाच प्रकार. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावात तर अस्सल अमोनाइटना सापाचं डोकं कोरून विकायची जुनी रीत होती, आणि ते ‘नागदगड’ आज स्वतःच संग्राह्य झालेत. तेव्हा कोरीव निघाला तरी फेकू नका, फक्त चिठ्ठीवर तसं लिहून ठेवा.

जबड्याबद्दल थोडक्यात सांगतो: जबडा म्हणून घेऊ नका. मोरोक्कोतल्या खूरिब्गाच्या फॉस्फेट खाणींत मोसासॉरचे सुटे दात भरपूर मिळतात, धड जबडे क्वचित. म्हणून खरे दात वाळू आणि गोंदाच्या मिश्रणात रांगेने रोवतात, वर हाडांचा चुरा लावतात आणि जबडा तयार. दातांची शिखरं सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर, एकाच दिशेला कललेली दिसली की पुढे बघायचीही गरज नाही. खऱ्या जबड्यात प्रत्येक दात हाडासारख्या फुगीर बुंध्यावर बसतो आणि तो बुंधा जबड्यात एकजीव झालेला असतो. बुंध्याच्या आतल्या बाजूला नवा दात येण्याची खोबण असू शकते, जबड्याच्या बाहेरच्या अंगाला नसांच्या छिद्रांची ओळ असते आणि हाडाला लांबीच्या दिशेने तंतूंसारखा पोत असतो. विक्रेत्याच्या फोटोत हे काहीच नसेल, नुसते वाळूत दात असतील, तर तुम्ही दात विकत घेताय. दातांचा जो भाव असेल तोच द्या. प्रत्येक दातही मधोमध जोडलेला नाही ना, ते बघा: टोक एकाचं आणि बुंधा दुसऱ्याचा असेल तर जोडावर वाळूचा पट्टा फासलेला असतो.

अंबरमध्ये विंचू असू शकतो, पण तो फार दुर्मीळ. आणि दुर्मीळ गोष्ट मध्यभागी, नांग्या पसरून, फोटोला बसल्यासारखी मिळाली तर संशय घ्यायलाच हवा. राळेत अडकलेला जीव धडपडतो. त्याच्याभोवती राळेच्या ओघळांचे थर, बुडबुडे, कचरा, तुटलेला एखादा पाय असतो. बाल्टिक अंबरमध्ये किड्याभोवती दुधाळ पडदा आणि ओकच्या झाडाचे तारकाकृती केस दिसतात.

मिठाच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. २५० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्या पाण्याची घनता १.१२ च्या आसपास होते आणि अंबर १.०५ ते १.१० असल्याने तरंगतं. काच, बेकेलाइट आणि पॉलिएस्टर बुडतात. पॉलिस्टायरीन आणि कोपाल मात्र अंबरसारखेच तरंगतात, काही एपॉक्सी काठावर घुटमळतं. कोपाल म्हणजे पुरती न मुरलेली, वयाने कोवळी राळ. ती अ‍ॅसिटोनच्या थेंबाने चिकट होते, अंबरवर तेवढ्याशा वेळात काही परिणाम होत नाही. तापलेल्या सुईची परीक्षा बरेच जण सुचवतात. ती खड्यावर कायमचा डाग पाडते, तेव्हा निदान पैसे देण्याआधी तरी नको.

यातून सुटतो तो सर्वांत कसबी प्रकार: अंबर खरंच, पण खडा अर्धा कापून, आतून पोखरून, आजचा किडा ठेवून पुन्हा जोडलेला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली बाल्टिक अंबरातली एक माशी अशीच होती. ती संग्रहात आली १९२२ मध्ये आणि जोड सूक्ष्मदर्शकाखाली दिसला १९९३ मध्ये. तेव्हा खडा कडेने पाहा. चारही बाजूंनी एकाच पातळीत फिरणारी रेघ, यूव्हीखाली वेगळं चमकणारं वर्तुळ किंवा त्या पातळीवर सपाट पसरलेले बुडबुडे दिसले तर हात आखडता घ्या.

विक्रेत्याकडे आधी इतकं मागा: मागच्या बाजूचा आणि चारही कडांचा फोटो, अंधारात यूव्हीखाली काढलेला फोटो, अंबर मिठाच्या पाण्यात सोडतानाचा व्हिडिओ, थराचं आणि ठिकाणाचं नाव, आणि किती भाग नव्याने भरलाय याचं लेखी उत्तर. चोख व्यापारी ‘डावा गालकाटा भरलाय, दोन वळ्या जोडल्यात’ असं आपणहून सांगतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढंच उत्तर आलं तर पुढचे प्रश्न विचारू नका, दुसरा विक्रेता शोधा. शिवाय जाहिरातीतला फोटो प्रतिमाशोधात टाकून पाहा. तोच टवका आणि तीच चीर असलेला ‘वेगळा’ नमुना दुसरीकडे विकायला असेल तर दोन्ही एकाच साच्यातले.

आणि तुमच्या ट्रायलोबाइटवर अ‍ॅसिटोनचे प्रयोग आता थांबवा. चीर सुपरग्लूने किंवा पॅरालॉइडने जोडलेली असेल तर झिरपलेलं अ‍ॅसिटोन तो गोंद सैल करतं, आणि मग खाणीत हातोड्याने जे झालं होतं तेच तुमच्या टेबलावर पुन्हा होईल.